पिठ्या ढेकणाचा जीनोम : बाटलीत नेमकं कोण होतं?

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणाचा (मिलीबगचा) संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचायला घेतला. पहिल्या फेरीतून हाती आलेली असेंब्ली, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून उभा केलेला जीनोम, बाजूला ठेवावी लागली, दुसरी फेरी कामी आली. दुसऱ्या वेळी सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याचं, तंत्र अधिक चांगलं होतं हे खरं, पण काम सुधारलं ते मुख्यतः त्यामुळे नाही. मधल्या काळात विभागाने कीड पाळायला शिकून घेतलं, त्यामुळे सुधारलं. डेटाच्या विश्लेषणासाठी मला बोलावलं होतं, म्हणून दोन्ही फेऱ्या जवळून बघता आल्या. महाविद्यालयाचं आणि माणसांची नावं देत नाही. अशी गाठ कुठल्याही कीटक-जीनोमच्या कामात पडू शकते आणि पडतेही.

हाच कीटक का

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात पिठ्या ढेकूण कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खोडाच्या सुट्या सालीखाली, ओलांड्यावर पांढरा कापूस दिसायला लागतो. माल तयार होत आला की तो घडात शिरतो, चिकटा सोडतो, चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि निर्यातीसाठी जपलेला घड बाद होतो. अंगावर मेणाचा थर असल्याने फवारणी आतपर्यंत पोचत नाही. द्राक्षावर या कीटकांच्या एकाहून अधिक जाती सापडतात. त्यातली आपल्याकडची नेहमीची म्हणजे मॅकोनेलिकॉकस हिरसुटस, जास्वंदीवर बसते तीच. १९९४ मध्ये ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचली आणि तिथल्या शेतीला तिने चांगलाच फटका दिला.

पण विभागप्रमुख मॅडमना हा कीटक हवा होता तो केवळ कीड म्हणून नव्हे. जनुकशास्त्रात पिठ्या ढेकणांना फार जुना मान आहे. यांच्यात आई आणि बाप दोघांकडून गुणसूत्रांचा एकेक संच येतो, पण नर पिल्लात बापाकडून आलेला संच गर्भावस्थेतच घट्ट गुंडाळला जातो आणि जवळजवळ मुका होतो. असा नर पुढे स्वतः बाप झाला की शुक्राणूंत फक्त आईकडून आलेला संच उतरतो. बापाचा संच तिथेच संपतो. १९६१ मध्ये ब्राउन आणि नेल्सन-रीस यांनी प्लॅनोकॉकस सिट्री या जातीच्या नरांवर क्ष-किरणांचा मारा करून संकर केले. मोठ्या मात्रेनंतर मुली मेल्या, मुलगे जगले. कारण मुलग्यांत बापाचा मोडलेला संच तसाही वापरात नव्हता! एकच डीएनए, पण तो कोणाकडून आला यावर त्याचं वागणं ठरतं, या गोष्टीचा इतका उघडावाघडा पुरावा देणारे प्राणी थोडेच आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. शरत चंद्र आणि पुढे वाणी ब्रह्मचारी यांनी याच गटातल्या कीटकांवर काम केलं आहे. म्हणजे शेताच्या बांधावर मिळणारा हा प्राणी प्रयोगशाळेतही मोलाचा आहे, आणि नाशिकमध्ये तो गोळा करायला लांब जावं लागत नाही.

कीटकांचे जीनोम वाचण्याची वाट २००० साली फळमाशीने, म्हणजे ड्रोसोफिलाने, मोकळी केली. सुमारे १२ कोटी अक्षरांचा वाचता येण्याजोगा भाग आणि १३,६०० च्या आसपास जनुकं तेव्हा समोर आली. २००६ मध्ये मधमाशी, २००८ मध्ये पिठातला तांबडा भुंगेरा, २०१० मध्ये मावा. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे आणि ती बातम्यांत येत नाही: डीएनए कुठल्याही माशीचा किंवा भुंगेऱ्याचा घेतलेला नव्हता. ड्रोसोफिलाची ठरावीक, ओळखीची जोपासलेली प्रजा होती. मधमाशीत एकाच राणीचे नर घेतले, कारण नरात गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि दोन संचांचा गोंधळच उरत नाही. भुंगेऱ्याच्या वेळी भावंडांच्या जोड्या लावून पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी केलेली प्रजा वापरली. यंत्रावर नमुना चढण्याआधी कोणीतरी वर्षानुवर्षं बाटल्या धुतल्या होत्या.

पहिली फेरी

विभागाकडे अशी प्रजा नव्हती. मिळालेल्या छोट्या निधीला मुदत होती, म्हणून फेब्रुवारीत, माल काढणीला आलेला असताना, विद्यार्थी नमुने आणायला गेले. चालू बागेत फवारण्या सुरू होत्या, तिथे जिवंत ढेकूण मिळेना. मग दुर्लक्षित राहिलेला एक प्लॉट शोधला. तिथल्या घडांतून आणि सालीखालून, शिवाय बांधावरच्या पेरू-सीताफळाच्या झाडांवरूनही, ब्रशने काढून अल्कोहोलच्या बाटलीत भरले. बाटलीवर चिठ्ठी: पिठ्या ढेकूण, निफाड, फेब्रुवारी. एका मादीतून फार थोडा डीएनए निघतो म्हणून शेकड्याने ढेकूण एकत्र वाटून डीएनए काढला आणि सिक्वेन्सिंगसाठी बाहेर पाठवला. छोट्या तुकड्यांचे रीड्स (यंत्राने एका दमात वाचलेले डीएनएचे तुकडे) आले, भरपूर आले, दर्जाही उत्तम.

असेंब्ली मात्र लाखो तुकड्यांत फुटलेली निघाली, आणि तुकड्यांची एकूण बेरीज अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. अशा वेळी पहिली तपासणी करतात ती बुस्कोची, म्हणजे ठरावीक जनुकं शोधून असेंब्ली किती पूर्ण आहे हे पाहणारी. आम्ही वापरलेल्या कीटकांच्या यादीत १,३६७ जनुकं आहेत, जवळपास प्रत्येक कीटकात असणारी आणि बहुतेकदा एकेकदाच असणारी. ती किती सापडली हे महत्त्वाचं, पण किती जनुकं दोनदा सापडली हा आकडा मला नेहमी जास्त बोलका वाटतो. इथे दोनदा सापडलेल्यांची गर्दी होती.

विभागातल्या बहुतेकांचं म्हणणं पडलं की एवढे वेगवेगळे ढेकूण एकत्र वाटले, तर त्यांच्यातल्या फरकांमुळे एकच जनुक दोनदा मोजलं गेलं असेल. म्हणणं चुकीचं नव्हतं, असं होतं. पण तसं असेल तर दोन प्रतींतला फरक किरकोळ हवा. इथे प्रती शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक एका जातीत मावणारा नव्हता. दुसरी खूण के-मरच्या आलेखात होती. रीड्सचे ठरावीक लांबीचे छोटे शब्द पाडायचे आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजायचं, एवढंच ते तंत्र. एका प्राण्यात दोन उंचवटे येतात आणि एकाची खोली, म्हणजे शब्द किती वेळा आला तो आकडा, दुसऱ्याच्या निम्मी असते, कारण काही जागी आईचं आणि बापाचं अक्षर वेगळं असतं. या आलेखात असा एक उंचवटा होता की तो निम्म्याच्या हिशेबात कुठेच बसेना.

एम.एस्सी.ची जी विद्यार्थिनी हे आलेख काढत होती, तिने सरळ विचारलं, "मॅडम, बाटलीत नक्की एकच जात होती ना?"

"अगं, पांढरं दिसलं ते सगळं भरलं आपण," मॅडम म्हणाल्या. त्यांनी लगेच मायटोकॉन्ड्रियाचे रीड्स वेगळे काढायला सांगितले. बारकोडसाठी वापरतात त्या सीओआय जनुकाच्या दोन स्पष्ट वेगळ्या आवृत्त्या निघाल्या. एक हिरसुटसची, दुसरी प्लॅनोकॉकस सिट्रीची.

जिवाणूंनी दिलेली साक्ष

या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग इथून सुरू होतो. पिठ्या ढेकणाच्या पोटात एक खास अवयव असतो आणि त्याच्या पेशींत जिवाणू राहतात. झाडाच्या रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्लं अपुरी. ती कमतरता हे जिवाणू भरून काढतात. २००१ मध्ये फॉन डोलेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्लॅनोकॉकस सिट्रीत हे जिवाणू एकात एक राहतात: ट्रेम्ब्लाया नावाच्या जिवाणूच्या आत दुसरा, मोरानेला. या ट्रेम्ब्लायाचा जीनोम जेमतेम १ लाख ३९ हजार अक्षरांचा आहे, म्हणजे स्वतंत्र जगणाऱ्या जिवाणूच्या मानाने अगदीच तुटपुंजा. आतल्या मोरानेलाचा सुमारे ५ लाख ३८ हजारांचा. एक अमिनो आम्ल बनवायचं तर काही पायऱ्या एकाकडे, काही दुसऱ्याकडे आणि काही खुद्द कीटकाकडे.

आतला जिवाणू प्रत्येक जातीत तोच नसतो. उत्क्रांतीच्या ओघात तो बदलत गेला आहे. सिट्रीत मोरानेला, तर हिरसुटसमध्ये डूलिट्लिया. त्यामुळे असेंब्लीतल्या तुकड्यांचा आलेख, आडव्या अक्षावर जीसीचं (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण आणि उभ्या अक्षावर खोली (तो तुकडा किती वेळा वाचला गेला ते), असा काढला तेव्हा जिवाणूंचे ठिपके कीटकाच्या ढगापासून दूर, आपापल्या पुंजक्यात जमलेले दिसले. एका पुंजक्यावर डूलिट्लियाचं नाव लागलं, दुसऱ्यावर मोरानेलाचं. दोन्ही एकाच कीटकात असण्याचं कारण नाही. बाटलीत दोन जाती होत्या याचा हा आणखी एक, स्वतंत्र पुरावा, आणि तो त्यांच्या पोटातल्या भाडेकरूंनी दिला.

कोपऱ्यात आणखी एक पुसट पुंजका होता. त्यातली जनुकं गांधीलमाश्यांच्या गटाशी जुळत होती. ढेकणांत अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी माश्या असतात, अ‍ॅनागायरस त्यांपैकी एक. तिची अळी आतून ढेकूण खाऊन टाकते. दुर्लक्षित प्लॉटमध्ये फवारणी नसते, म्हणून तिथे या माश्या टिकतात. जिवंत ढेकूण मिळावेत म्हणून निवडलेल्या त्याच जागेने ढेकणांच्या पोटात माशीची पिल्लंही दिली होती.

काढून टाकायचं काय?

निधीची मुदत जवळ आलेली. एक सूचना आली की जिवाणूंशी जुळणारं सगळं वगळा, माशीशी जुळणारं वगळा, उरलेल्यातून हिरसुटसशी जास्त जुळणारं ठेवा आणि निबंध पाठवा. बऱ्याच कीटकांच्या बाबतीत जिवाणूंचं वगळणं हा पहिला, साधा टप्पा असतो. पिठ्या ढेकणाच्या बाबतीत तो सरसकट करता येत नाही. २०१३ मध्ये हुस्निक आणि मॅककचन यांच्या गटाने दाखवलं की सिट्रीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत किमान २२ जनुकं निरनिराळ्या जिवाणूंकडून आलेली आहेत, आणि ती आजच्या भाडेकरूंकडून नव्हे, तर पूर्वी कधीतरी संबंध आलेल्या भलत्याच जिवाणूंकडून. बायोटिन, रायबोफ्लेविन बनवण्याच्या पायऱ्या त्यांत आहेत. जिवाणूसारखं दिसतं म्हणून काढून टाकलं तर कीटकाच्या जगण्यातला एक कणाच काढून टाकल्यासारखं होईल.

उलट चूकही तितकीच महागात पडते. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्यात जवळपास सहावा हिस्सा जनुकं परक्यांकडून आल्याचा दावा झाला. दुसऱ्या गटाने त्याच जातीचा जीनोम स्वतंत्रपणे वाचला, तेव्हा त्यातला फार मोठा भाग नमुन्यातल्या जिवाणूंचा निघाला. म्हणजे वगळलं तरी धोका, ठेवलं तरी धोका.

निवाडा करण्याच्या खुणा आहेत. जिवाणूसारखं जनुक ज्या तुकड्यावर आहे, त्याच तुकड्यावर शेजारी निःसंशय कीटकाची जनुकं आहेत का? त्याची खोली कीटकाच्या बाकी जनुकांइतकीच आहे का? त्यात इंट्रॉन (जनुकाच्या मधेमधे येणारे, प्रथिनाची माहिती नसलेले भाग, जे जिवाणूंच्या जनुकांत सहसा नसतात) आहेत का? या तिन्ही खुणांना लांब, सलग तुकडे लागतात. लाखो तुकड्यांत फुटलेल्या, दोन जातींच्या मिश्रणातून आलेल्या असेंब्लीत बहुतेक जनुकं आपापल्या छोट्या तुकड्यावर एकटी होती. शेजारी कोण हे विचारायची सोयच नव्हती. शिवाय हिरसुटसशी जुळणारं ठेवायचं तर जुळवायचं कशाशी? सगळ्या कीटकांत सारख्या असणाऱ्या भागांचं ठीक, पण ज्या भागांसाठी हा खटाटोप होता, ते प्रत्येक जातीत वेगाने बदलणारे भाग यातून गाळलेच गेले असते.

मॅडमनी निबंध पाठवला नाही. त्या निर्णयाबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. बढती, मूल्यांकन, निधीचा अहवाल, सगळं त्या निबंधावर टांगलेलं असताना त्यांनी अहवालात सरळ लिहिलं की नमुना मिश्र होता आणि असेंब्ली एका जातीची म्हणून वापरण्याजोगी नाही.

डांगरावरची वंशावळ

पिठ्या ढेकूण पाळायला लाल भोपळा लागतो. आपल्या भागात डांगर म्हणतात. डांगर साधं चालत नाही. पूर्ण पिकलेलं, खोल खाचांचं, देठ शाबूत असलेलं आणि कुठेही न खरचटलेलं पाहिजे. पंचवटीच्या मार्केट यार्डात विद्यार्थिनी एकेक डांगर फिरवून फिरवून बघायची. आणलेलं डांगर धुवायचं, बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवून कोरडं करायचं, देठाशी किंवा सालीवर बारीकशी जखम असली तर वितळलेलं मेण लावून ती बंद करायची. मग त्यावर अंड्यांची पिशवी ठेवायची. पिल्लं बाहेर पडून खाचांत शिरतात आणि सोंड खुपसून बसतात. महिनाभरात पुढची पिढी अंड्यांवर येते आणि डांगराच्या खाचा पांढऱ्या होतात. मुंग्या चिकट्यासाठी येतात, आणि मुंगी आली की एका पेटीतलं पिल्लू दुसऱ्या पेटीत जाण्याची भीती. म्हणून मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. एप्रिल-मेमधल्या नाशिकच्या उन्हात डांगरं भराभर सडत, तेव्हा पाळणघर थंड खोलीत हलवावं लागलं.

सुरुवात एका मादीपासून केली. ती द्राक्षाच्या सालीखालून आणलेली, तिची अंड्यांची पिशवी डांगरावर ठेवलेली. अंडी घालून झाल्यावर तिच्या शरीराच्या एका भागातून सीओआय वाचला, उरलेल्याची काचपट्टी करून तज्ज्ञाकडून जात नक्की केली. हिरसुटस. अशा आणखी काही माद्यांपासून वेगळ्या वंशावळी सुरू केल्या आणि ज्यांतून परोपजीवी माशी निघाली त्या बंद केल्या.

मग पद्धत ठरवताना या कीटकाचं जनुकशास्त्रच मदतीला आलं. मॅडमनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं: नर आपल्या शुक्राणूंत फक्त आईकडून आलेला संच देतो, आणि नराच्या पेशीविभाजनात संचांची अदलाबदल होत नाही. म्हणजे एका नराचे सगळे शुक्राणू जनुकांच्या दृष्टीने सारखेच. एका कुमारी मादीला एकाच नराबरोबर ठेवलं, तर तिच्या सगळ्या मुलींना बापाकडून हुबेहूब तोच संच मिळणार. शंभर बहिणी एकत्र वाटल्या तरी त्या डीएनएत जास्तीत जास्त तीन आवृत्त्या: बापाची एक, आईच्या दोन. त्यात भावंडांच्या जोड्या लावत पिढ्या गेल्या असतील, तर त्याही एकमेकींच्या जवळ आलेल्या. पहिल्या फेरीत शेकड्याने वाटलेल्या ढेकणांत किती आवृत्त्या होत्या, ते कोणीच सांगू शकलं नसतं.

फक्त एका प्राण्याचा डीएनए वापरणं हाही मार्ग आहे. २०१९ मध्ये एकाच अ‍ॅनोफिलिस डासाच्या डीएनएवरून लांब रीड्सची चांगली असेंब्ली झाली आहे. विभागात तो करून पाहिला, पण मेण आणि चिकट द्रव्यांमुळे एकेका मादीतून स्वच्छ, लांब डीएनए पुरेसा मिळेना. बहिणींचा मार्ग स्वस्तही होता आणि खात्रीचाही.

दुसरी फेरी

बहिणींचा डीएनए काढला, लांब रीड्स घेतले. असेंब्लीवर पहिली नजर कीटकाकडे गेलीच नाही, आधी जिवाणूंकडे गेली. एक ट्रेम्ब्लाया आणि एक डूलिट्लिया, दोन्ही सलग आणि वर्तुळाकार, टोकं जुळलेली. मोरानेला नाही, माशी नाही. सीओआयची एकच आवृत्ती, आणि ती काचपट्टीतल्या मूळ मादीचीच. बुस्कोत दोनदा सापडणाऱ्या जनुकांची गर्दी ओसरलेली होती.

मग बायोटिनचं जनुक पाहिलं. एका सलग लांब रीडवर, डावीकडे कीटकाचं जनुक, मधे जिवाणूकडून आलेलं बायोटिनचं जनुक, उजवीकडे पुन्हा कीटकाचं जनुक. जोडणीच्या आज्ञावलीने चुकून चिकटवलं असेल ही शंकाही उरली नाही, कारण हा जोडलेला तुकडा नव्हता, यंत्राने एका दमात वाचलेला एकच रेणू होता. पडद्यावर तो रीड ताणून दाखवताना विद्यार्थिनीचा आवाज कापत होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना त्याचं कारण कळत होतं.

नमुन्याची नोंद आता चिठ्ठीएवढी राहिलेली नाही. वंशावळीचं नाव, मूळ मादीची काचपट्टी, गोळा केल्याची जागा आणि झाड, कितवी पिढी, कुठल्या डांगरावर, डीएनए काढताना माद्या होत्या की नर, हे सगळं डेटाबरोबर जातं. पहिल्या फेरीचा डेटा पुसला नाही. मिश्र नमुना अशा स्पष्ट नावाने ठेवला आहे आणि सिट्रीच्या जिवाणूंचा अभ्यास त्यावरून चालू आहे. सिट्रीची स्वतंत्र वंशावळ दुसऱ्या खोलीत सुरू झाली आहे.

गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत असेंब्ली अजून गेलेली नाही. त्यासाठी पेशीत डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ येतात हे मोजणारं हाय-सी लागतं, आणि ते माद्यांवर व नरांवर वेगवेगळं करायचं आहे, कारण नरात बापाचा संच गुंडाळलेला असतो आणि तो कसा गुंडाळला जातो हाच मॅडमचा मूळ प्रश्न आहे. नर जेमतेम मिलिमीटरभर, पंख फुटल्यावर थोडेच दिवस जगणारे, तोंडाने काहीही न खाणारे. म्हणून ते कोषात असतानाच ब्रशने उचलून घ्यावे लागतात. सध्या पाळणघरात तेच काम चालू आहे, आणि पुढच्या निधीच्या अर्जात सर्वांत वरचा खर्च डांगरांचा आणि थंड खोलीच्या विजेचा लिहिला आहे.